ग्रंथालयाच्या वाचनगटासाठी पुस्तक निवडताना

ग्रंथालयातला वाचनगट मोडतो तो बहुतेक वेळा पुस्तकांच्या निवडीवरून. माणसं उत्साहाने येतात, पहिल्या दोन बैठका रंगतात. मग कुणीतरी साडेचारशे पानांची कादंबरी सुचवतं. ग्रंथालयात तिच्या दोनच प्रती निघतात, निम्म्या लोकांना ती मिळतच नाही, ज्यांना मिळते त्यांची संपत नाही, आणि बैठकीत ‘माझं अजून व्हायचंय’ एवढंच ऐकू येतं. पुढच्या वेळी चार जण कमी. निवडीचं काम नीट केलं तर हे टळतं. काम अवघड नाही, पण त्याला क्रम आहे आणि क्रम चुकला की मेहनत वाया जाते.

एक गोष्ट आधीच सांगते. वाचायला उत्तम असलेलं प्रत्येक पुस्तक गटात बोलायलाही उत्तम असतंच असं नाही. खालच्या बहुतेक सूचना याच अनुभवातून आल्या आहेत.

बैठकीचं स्वरूप आधी ठरवा

वाचनगट साधारण तीन पद्धतींनी चालतात. सगळ्यांनी एकच पुस्तक घरी वाचून यायचं आणि त्यावर बोलायचं, ही पहिली. प्रत्येकाने आपापलं पुस्तक आणून इतरांना त्याची ओळख करून द्यायची, ही दुसरी. तिसरीत घरून काहीच वाचून यायचं नसतं. बैठकीतच मोठ्याने वाचायचं, मध्येमध्ये थांबायचं आणि बोलायचं. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला जेन डेव्हिस यांनी उभी केलेली ‘द रीडर’ ही संस्था या तिसऱ्या पद्धतीसाठी ओळखली जाते. तिथे कथा किंवा कादंबरीतला उतारा आणि एखादी कविता गटात बसून वाचतात. येणाऱ्याने तयारी करून यायची गरज नसते, आणि ज्याला मोठ्याने वाचायचं नसेल त्याने नुसतं ऐकलं तरी चालतं.

प्रत्येक पद्धतीला वेगळं पुस्तक लागतं. एकच पुस्तक सगळ्यांनी वाचायचं असेल तर प्रती आणि वेळ यांचा हिशोब आधी करावा लागतो. आपापलं पुस्तक आणायचं असेल तर प्रतींची चिंता नाही, पण पाच मिनिटांत सांगता येईल असं पुस्तक हवं. बैठकीत वाचायचं असेल तर कानाला कळणारं गद्य हवं. लांबलचक, पोटवाक्यांनी भरलेली वाक्यं डोळ्यांना झेपतात, ऐकणाऱ्याच्या हातून निसटतात.

नव्या गटाला माझा सल्ला असा की पहिल्या दोन-तीन बैठका दुसऱ्या किंवा तिसऱ्या पद्धतीने घ्या. तेवढ्यात माणसं कळतात. कुणाला काय भावतं हे माहीत नसताना सगळ्यांसाठी एक पुस्तक निवडणं म्हणजे निव्वळ अंदाज.

माणसांची चौकशी करा, पण नेमकी

‘तुम्हाला कोणती पुस्तकं आवडतात?’ या प्रश्नाला लोक भारदस्त उत्तरं देतात. ज्यांची नावं घेतली की बरं दिसतं ती पुस्तकं पुढे येतात. त्यापेक्षा ‘अलीकडे कोणतं पुस्तक अर्धवट सोडलंत आणि कुठे सोडलंत?’ असं विचारा. याचं उत्तर खरं येतं. ‘पात्रं फार होती, नावं लक्षात राहीनात’, ‘वर्णनच संपेना’, ‘अक्षर बारीक होतं’, ‘शेवट आधीच कळला’. चार जणांची अशी उत्तरं ऐकली की गटाला काय झेपणार नाही ते कळतं, आणि निवडीत तेच जास्त उपयोगी पडतं.

अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी वाचक पुस्तकात कसा शिरतो याचे चार दरवाजे सांगितले आहेत: कथानक, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. कुणी पुढे काय होतं यासाठी वाचतो, कुणी त्यातल्या माणसांसाठी, कुणाला दुसऱ्या जगात जायचं असतं, तर कुणी एखादं वाक्य पुन्हा पुन्हा वाचत बसतो. प्रत्येकाला आवडत्या पुस्तकाबद्दल दोन मिनिटं बोलायला सांगा आणि तो कशाबद्दल बोलतो तिकडे लक्ष द्या. गोष्ट सांगतोय, की नायिकेबद्दल तिची ओळख असल्यासारखा बोलतोय? दोन मिनिटांत दरवाजा कळतो. गटासाठी निवडलेल्या पुस्तकाचे किमान दोन दरवाजे सताड उघडे असावेत. केवळ भाषेच्या सौंदर्यावर उभं असलेलं पुस्तक कथानकवाल्यांना बाहेरच उभं करतं. केवळ उत्कंठेवर चालणारं पुस्तक सगळे वाचून काढतात खरं, पण शेवट कळल्यावर त्यात बोलण्यासारखं फारसं उरत नाही.

याच वेळी आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. रोज वाचायला साधारण किती वेळ मिळतो, आणि छापील पुस्तक वाचण्यात कुणाला अडचण आहे का. दुसरा प्रश्न चारचौघांत न विचारता एकेकट्याला विचारावा. दृष्टी अधू असलेले किंवा अक्षरं जुळवताना त्रास होणारे लोक बहुतेक वेळा काही न बोलता गट सोडतात. मोठ्या टायपातली आवृत्ती, ऑडिओबुक, फोनवर अक्षर मोठं करून वाचता येणारं ई-बुक, यांपैकी एक तरी पर्याय उपलब्ध असलेलं पुस्तक निवडलं की ते टिकतात. दृष्टिबाधित आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी २०१३ साली माराकेश करार झाला. तो लागू असलेल्या देशांत मान्यताप्राप्त संस्था प्रकाशकाची वेगळी परवानगी न घेता पुस्तकाची सुलभ प्रत तयार करू शकतात. अशी प्रत आधीच झालेली आहे का, हे ग्रंथपालांना विचारायला हरकत नाही.

प्रतींचा हिशोब

हा हिशोब लोक शेवटी करतात. तो पहिल्यांदा करायला हवा, कारण जे पुस्तक हातात येणारच नाही त्याच्या गुणांची चर्चा निरर्थक आहे.

गटात १२ जण आहेत, ग्रंथालयात पुस्तकाच्या ४ प्रती आहेत आणि एक प्रत १५ दिवस ठेवता येते असं धरा. चौघा-चौघांच्या तीन फेऱ्या म्हणजे ४५ दिवस, तेही प्रत्येकाने वेळेवर परत केलं तर. बैठक महिन्याला असेल तर हे गणित जमतच नाही. मग तीन मार्ग उरतात: पुस्तक दोन महिने आधी जाहीर करायचं, प्रत्येकाने दहा दिवसांत परत करायचं असं ठरवून घ्यायचं, किंवा प्रती वाढवायच्या. पहिल्या फेरीत ज्यांनी वाचलं त्यांना बैठकीपर्यंत तपशील आठवत नाही, हेही ध्यानात ठेवा. त्यांना पान क्रमांकासह चार ओळी लिहून ठेवायला सांगा.

ग्रंथालयाच्या सूचीत शोधताना एकाच आवृत्तीवर थांबू नका. एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वेगवेगळ्या नोंदींखाली असतात, आणि लेखकाचं आडनाव दोन प्रकारे लिहिलेलं असलं तर अर्ध्या प्रती शोधात दिसतच नाहीत. सूचीत ‘उपलब्ध’ दिसणारी प्रत प्रत्यक्ष कपाटात आहे का ते जाऊन पाहा. पानं निघालेली, बांधणी सुटलेली प्रत ‘उपलब्ध’च असते, पण ती कुणाला वाचायला देता येत नाही.

यानंतर ग्रंथपालांशी बसून बोला. गटाच्या निवडीत ग्रंथपाल सुरुवातीपासून असावेत. त्यांना विचारायचं ते असं: गटासाठी प्रती राखून ठेवता येतील का, मुदत वाढवून मिळेल का, शाखांमधून किंवा दुसऱ्या ग्रंथालयातून प्रती मागवता येतील का आणि त्याला किती दिवस लागतात, या वर्षीच्या खरेदीत एखाद्या पुस्तकाच्या जास्त प्रती घेता येतील का. शेवटच्या प्रश्नासाठी यादी लवकर हातात द्यावी लागते, कारण खरेदीचा निर्णय ठरावीक वेळीच होतो. ई-बुक असेल तर एका वेळी किती जणांना ते उघडता येतं हेही विचारा. बऱ्याच परवान्यांत ही संख्या मर्यादित असते आणि कधी कधी ती एकच असते.

झेरॉक्सचा मोह होतो. लेखकाचा हक्क जिवंत असलेल्या पुस्तकाच्या बारा प्रती काढून वाटणं कायद्यात बसत नाही, आणि पुस्तकांवर प्रेम करणाऱ्या गटाला ते शोभतही नाही. हक्काची मुदत देशागणिक बदलते: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपीय संघातल्या देशांत ७० वर्षं. मुदत संपलेलं जुनं साहित्य मोकळेपणाने वाटता येतं आणि त्यातलं बरंचसं इंटरनेटवर वाचायलाही मिळतं. मात्र जुन्या पुस्तकाच्या नव्या अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, हे लोक विसरतात.

प्रती अगदीच कमी असतील तर कथासंग्रह घ्या. एक कथा एका बैठकीत वाचून होते, संग्रह हातोहात फिरतो, आणि ज्याला घरी वाचायला जमलं नाही तोही बोलण्यात सामील होऊ शकतो.

अनुवादित पुस्तक असेल तर सगळ्यांनी एकच अनुवाद वाचायचा की दोन, हे आधी ठरवा. नकळत दोन अनुवाद वाचले गेले तर अर्धा तास ‘माझ्या पुस्तकात असं नाही’ यात जातो. मुद्दाम दोन घेतले आणि एकच परिच्छेद शेजारी ठेवून वाचला, तर तीच सर्वांत रंगणारी बैठक ठरू शकते. आवृत्त्या वेगळ्या असतील तर पानाऐवजी प्रकरणाचा क्रमांक सांगायची सवय लावा.

पानांपेक्षा तास मोजा

दोनशे पानांचं पुस्तक छोटं आणि चारशेचं मोठं, हा समज फसवा आहे. दाट छपाईचं वैचारिक पुस्तक आणि संवादांनी भरलेली कादंबरी यांच्या पानांची तुलनाच होत नाही. पुस्तकाच्या मधली दहा पानं नेहमीच्या वेगाने वाचा आणि घड्याळ लावा. सुरुवातीची नको, कारण तिथे आपण मुद्दाम सावकाश वाचतो. दहा पानांना २० मिनिटं लागली आणि पुस्तक ३२० पानांचं असलं तर ६४० मिनिटं झाली, म्हणजे जवळजवळ ११ तास. रोज अर्धा तास वाचणाऱ्याला ते संपवायला तीन आठवडे पुरत नाहीत. शिवाय वाचन रोज होत नाही. चार आठवड्यांच्या अंतराने बैठक असेल तर आठ-नऊ तासांच्या आत संपणारं पुस्तक बहुतेकांचं वाचून होतं, असा माझा ठोकताळा आहे.

मोठं पुस्तक वर्ज्य नाही. ते दोन बैठकांत विभागा, आणि पहिली बैठक कुठे थांबणार ते पान आधीच सांगा. थांबायची जागा विचार करून निवडा: निर्णय अजून झालेला नाही, पात्र दोन वाटांवर उभं आहे, अशी. मग पहिल्या बैठकीत लोक पुढचा अंदाज बांधतात आणि दुसऱ्या बैठकीला यायला आतुर असतात.

बोलण्याजोगं आहे का, हे कसं ओळखायचं

इथे खरा वेळ द्या. आधीच्या चाळणीतून चार-पाच पुस्तकं उरली असतील, त्यांतलं कोणतं घ्यायचं हे याच कसोटीवर ठरतं.

मी एक साधी गोष्ट करते. पुस्तक वाचून झाल्यावर, उत्तर पुस्तकात शोधून सापडणार नाही असे पाच प्रश्न लिहायला बसते. पाच सहज सुचले तर पुस्तक गटासाठी घ्यायचं. दोनावर अडकले तर ते कितीही आवडलेलं असो, गटासाठी बाजूला ठेवायचं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा एक लघुकादंबरी आहे. आई दीर्घ आजारातून उठली आहे. धाकट्या मुलाने तिला न सांगता राहतं घर विकलं आहे. थोरल्या मुलीला हे ठाऊक आहे आणि ती गप्प आहे. एका प्रसंगात आई तिच्याकडे जुन्या कपाटाची किल्ली मागते, आणि मुलगी ‘शोधते’ म्हणून स्वयंपाकघरात जाते, ती बराच वेळ बाहेर येत नाही.

यावर ‘मुलाने घर का विकलं?’ हा प्रश्न कामाचा नाही. कर्ज होतं, पुस्तकात लिहिलेलं आहे. ‘लेखकाला काय सांगायचं आहे?’ हा तर टाळायचाच प्रश्न, त्याने वर्गात बसल्यासारखं वाटतं आणि लोक बोलायला घाबरतात. पण ‘किल्ली मागितली तेव्हा मुलीने बोलायला हवं होतं का?’ असं विचारा. कुणी म्हणेल, नक्कीच, तेव्हा नाही तर केव्हा? कुणी म्हणेल, आजारातून उठलेल्या माणसाला असं सांगतात का? तिसरा म्हणेल, आईला सगळं कळलंय, म्हणूनच तिने किल्ली मागितली. आता सगळे पुस्तक उघडून तो प्रसंग पुन्हा वाचू लागतात. ‘हीच गोष्ट आईने सांगितली असती तर मुलगा तुम्हाला असाच दिसला असता का?’ हा पुढचा प्रश्न. असं पुस्तक १४० पानांचं असलं तरी दीड तास पुरतं.

यावरून गटासाठी कोणतं पुस्तक शोधायचं ते कळतं. दोन समंजस माणसं ते वाचून वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतील, आणि दोघांनाही पुस्तकातलीच एखादी जागा दाखवता येईल. पात्राचा निर्णय चुकीचा वाटतो पण समजतो. निवेदकावर किती विश्वास ठेवायचा याची खात्री नसते. शेवट सगळं बांधून देत नाही. अशा जागा असल्या की गट चालवणाऱ्याला फार काही करावं लागत नाही.

उलट बाजूला, ज्यात सज्जन सज्जनच आहेत आणि दुर्जन दुर्जनच, अशा पुस्तकावर सगळ्यांचं दहा मिनिटांत एकमत होतं. ज्याच्या थोरवीबद्दल बोलायची सोय नाही असं पूज्य पुस्तकही अवघड जातं: लोक आदराने गप्प बसतात. असं पुस्तक घ्यायचंच असेल तर पूर्ण न घेता त्यातलं एक प्रकरण घ्या.

कादंबरीखेरीजच्या पुस्तकांची गोष्ट थोडी निराळी. माहितीपर पुस्तकाचा धोका असा की गटातला त्या विषयाचा जाणकार व्याख्यान सुरू करतो आणि बाकीचे श्रोते होतात. म्हणून ज्यात लेखक काही बाजू घेतो, ज्याच्या युक्तिवादाला उत्तर देता येतं, असं पुस्तक निवडा. आत्मचरित्रावर बोलताना गाडी पुस्तकावरून त्या व्यक्तीच्या चारित्र्याकडे घसरते. तिला ‘या माणसाने कशाबद्दल लिहायचं टाळलं आहे?’ या प्रश्नाने परत आणता येतं. कवितेचा संपूर्ण संग्रह नेमू नका. दोन कविता घ्या, प्रत्येकीचं दोन वेगळ्या आवाजांत वाचन करा, तासभर सहज जातो.

स्वतः वाचल्याशिवाय नेमू नका

गटातल्या किमान एका माणसाने पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असलं पाहिजे, आणि दहा वर्षांपूर्वी वाचलेलं त्यात धरायचं नाही. आठवणीतलं पुस्तक आणि हातातलं पुस्तक यांत पुष्कळ फरक पडलेला असतो. मलपृष्ठावरचा मजकूर पुस्तक विकण्यासाठी लिहिलेला असतो, त्यावर निवड करू नये. पुरस्कार आणि परीक्षणं पुस्तक शोधायला उपयोगी पडतात, निवडायला नाही. परीक्षण वाचताना कौतुक सोडून द्या आणि परीक्षकाला काय खटकलं ते पाहा. चर्चेचे मुद्दे तिथे सापडतात.

वाचता वाचता एका कागदावर तीन गोष्टी टिपून ठेवा: बैठकीत मोठ्याने वाचता येईल असं एक पान, जिथे आपण थबकलो अशी एक जागा, आणि कुणाला त्रास होऊ शकेल असा मजकूर. आत्महत्या, लैंगिक अत्याचार, मुलाचा मृत्यू, असं काही पुस्तकात असेल तर ते पुस्तक जाहीर करतानाच एका वाक्यात सांगा. कथानक न फोडता सांगता येतं. ‘यात आत्महत्येचा प्रसंग आहे, सहावं प्रकरण, ते सोडून पुढे वाचलं तरी चालेल’ एवढं पुरतं. गटात कोण कशातून गेलं आहे हे आपल्याला कधीच पूर्ण माहीत नसतं. अवघड पुस्तकं मात्र यादीतून काढून टाकू नका. दुःखाबद्दल बोलता येईल अशा जागा लोकांना फार थोड्या मिळतात आणि वाचनगट त्यांतली एक आहे.

आपलं पुस्तक घेऊन बोलायचं असेल तर

ज्या बैठकीत प्रत्येक जण स्वतःचं पुस्तक आणतो तिथे लोक आयुष्यातलं सर्वांत आवडतं पुस्तक आणतात आणि त्याबद्दल बोलताना अडखळतात, कारण त्यावर बोलायला पाच मिनिटं पुरतच नाहीत. त्याऐवजी गेल्या महिन्या-दोन महिन्यांत संपवलेलं पुस्तक आणा. आवडलंच पाहिजे असंही नाही.

पाच मिनिटांची मांडणी अशी करता येते. पहिल्या मिनिटात पुस्तक काय आहे ते सांगा: कोणाबद्दल, कुठलं, साधारण किती मोठं. मग एक उतारा वाचा. छापील एक पान मोठ्याने वाचायला दोन-तीन मिनिटं लागतात, त्याहून जास्त नको. उतारा पहिल्या पानावरचाच हवा असं नाही. जिथे लेखकाचा आवाज स्वच्छ ऐकू येतो ती जागा निवडा, आणि ऐकणाऱ्याला पात्रांची नावं आधी सांगून ठेवा. घरी एकदा मोठ्याने वाचून पाहा, अवघड नावं आणि लांब वाक्यं तेव्हाच कळतात. उरलेल्या वेळात, हे पुस्तक कुणी वाचावं आणि कुणी वाचू नये, ते सांगा. ‘वाचू नये’ सांगितलं की लोकांचा तुमच्यावर विश्वास बसतो. शेवट सांगू नका.

पुस्तक शक्यतो त्याच ग्रंथालयातलं आणा, म्हणजे ऐकून ज्याला ओढ वाटली त्याला ते लगेच नेता येईल. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यांतला तिसरा आहे: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. कपाटात वर्षानुवर्षं हात न लागलेली पुस्तकं असतात. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवरून ती लगेच ओळखू येतात. बैठकीसाठी एकदा मुद्दाम अशीच पुस्तकं आणायला सांगा. त्यांतलं एखादं तरी चांगलं निघतं आणि बैठकीनंतर हातोहात फिरू लागतं.

विषय द्यायचा असेल तर सैल द्या. ‘पत्रं’, ‘पाणी’, ‘पहिली नोकरी’ असा विषय असला की कथा, कविता, इतिहास, विज्ञान सगळं येतं. ‘स्त्रीवादी कादंबरी’ असं म्हटलं की अर्ध्या लोकांना आपल्याकडे काही नाही असं वाटतं.

अंतिम निवड कोणी करायची

सगळीकडे मतदान होतं. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. मतदानात ज्यांची आवड बहुसंख्यांशी जुळते त्यांचीच पुस्तकं दर वेळी निवडून येतात, आणि वेगळं वाचणारे दोन-तीन जण वर्षभर हरत राहतात. गटाला नवं काही देऊ शकणारे बहुधा तेच असतात. त्यापेक्षा पाळी लावा. ज्याची पाळी त्याने तीन पुस्तकं सुचवायची, प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं लिहायची, ग्रंथपालांनी प्रती तपासायच्या आणि गटाने त्या तिघांतून एक निवडायचं. अशाने प्रत्येकाची आवड एकदा तरी सगळ्यांसमोर येते आणि अगदी अशक्य पुस्तकं गाळलीही जातात. ज्याचं पुस्तक निवडलं गेलं त्याने त्या दिवशी बाजू मांडत बसू नये, आधी ऐकावं. आपण सुचवलेल्या पुस्तकावर टीका झाली की माणूस दुखावतो, म्हणून हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकलेलं बरं.

एकदम वर्षाची यादी करू नका, सहा पुस्तकांची करा. सहांचा क्रम लावताना पहिलं पुस्तक छोटं आणि सुरस ठेवा. दोन जड पुस्तकं लागोपाठ नकोत. जास्त दिवसांची सुट्टी मध्ये येत असेल तिथे लांबलचक पुस्तक टाका. लेखक, काळ, प्रकार यांत पुनरावृत्ती होतेय का ते सहाही नावं एकाखाली एक लिहून पाहिल्यावर दिसतं. बहुतेक यादीत सगळे लेखक एकाच पिढीचे निघतात. आणि एक जागा रिकामी राहू द्या, मध्येच कुणाला काही विलक्षण सापडलं तर त्यासाठी.

पुस्तक फसलं तर

काही पुस्तकं फसणारच. नॅन्सी पर्ल यांचा आणखी एक नियम प्रसिद्ध आहे: ५० पानं वाचा, पकड घेतली नाही तर सोडून द्या, आणि वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं वाचा. गटाला हा नियम सांगून ठेवा, पण त्याला जोड द्या: सोडलं तरी बैठकीला यायचं आणि कुठे सोडलं ते सांगायचं. अर्धवट वाचलेल्यांना लाज वाटू लागली की ते येणं बंद करतात.

बहुतेकांनी सोडलं असेल तर बैठक रद्द करू नका. ब्रिटिश लेखक एडन चेंबर्स यांनी मुलांशी पुस्तकांविषयी बोलण्यासाठी चार साधे प्रश्न सुचवले होते: काय आवडलं, काय नाही आवडलं, काय कोड्यात टाकलं, आणि कुठे काही जुळतंय किंवा पुन्हा पुन्हा येतंय असं दिसलं का. मोठ्यांच्या गटातही ते तितकेच चालतात, आणि पन्नासच पानं वाचली असतील तरी उत्तर देता येतं. तिसरा प्रश्न आधी विचारा. ‘मला हे कळलं नाही’ असं एकाने म्हटलं की बाकीच्यांना धीर येतो.

प्रत्येक बैठकीनंतर वहीत चार नोंदी करा: किती जणांनी पूर्ण वाचलं, बोलणं कोणत्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ चाललं, कोण अजिबात बोललं नाही, प्रती वेळेवर फिरल्या का. आवडलं की नाही याचे गुण देऊ नका; सगळ्यांना नावडलेल्या पुस्तकावर उत्तम बोलणं होऊ शकतं. सहा बैठकांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की पुढची सहा पुस्तकं निवडणं खूप सोपं जातं. एखादा सभासद तीन बैठका गप्प असेल तर पुढची पाळी त्याला द्या.

पुढच्या पुस्तकाच्या प्रती बैठकीच्या दिवशीच टेबलावर आणून ठेवायची विनंती ग्रंथपालांना करा. उठण्याआधी पहिल्या फेरीचे वाचक ठरवा, प्रती तिथेच त्यांच्या नावावर चढवा, आणि परतीची तारीख तोंडी न सांगता प्रत्येकाच्या पुस्तकात चिठ्ठी घालून द्या.